आझाद व्हिसा आणि आझादीचं तत्त्वज्ञान

मुऐदरमधल्या कुठल्याही पार्टिशन केलेल्या व्हिलात शुक्रवारी दुपारी जेवणानंतर बसा. तासाभरात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "सरकारने आमच्या मध्ये पडूच नये, आम्ही आमचं बघून घेऊ." दुसरं, "सरकार झोपलंय का? काहीतरी करायला नको?" गंमत म्हणजे बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात. नोकरी बदलायचा विषय निघाला की पहिलं, पगार थकल्याचा विषय निघाला की दुसरं.

हा माणूस गोंधळलेला आहे असं मला वाटत नाही. सरकार कुठे नको आणि कुठे हवं हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं, फक्त त्याने ते शब्दांत मांडलेलं नसतं. आपण मांडलं नाही तर दुसरे मांडतात, आणि ते त्यांच्या सोयीने मांडतात. म्हणून या वेळी एका विचारसरणीबद्दल लिहितोय. इंग्रजीत तिला लिबर्टेरियनिझम म्हणतात, मराठीत स्वतंत्रतावाद.

कामगारांच्या हक्कांच्या पानावर हा जड विषय कशाला, असं कोणी विचारेल. कारण या विचारातलं एक वाक्य आपल्या प्रत्येकाच्या तोंडावर कधी ना कधी फेकलं गेलंय: "सही तूच केलीस ना?" एजंट हेच म्हणतो, कंपनीचा मंदूब हेच म्हणतो आणि कधीकधी घरचेही हेच म्हणतात. त्या वाक्यामागे एक अख्खं तत्त्वज्ञान उभं आहे. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे तपासायला हवं.

विचार काय आहे

थोडक्यात सांगतो. प्रत्येक माणूस स्वतःच्या शरीराचा आणि मेहनतीचा मालक आहे. त्याने प्रामाणिकपणे कमावलेलं त्याचं आहे. दोन माणसांनी राजीखुशीने केलेल्या करारात तिसऱ्याने नाक खुपसू नये. सरकारचं काम एवढंच, की चोरी, मारहाण, फसवणूक थांबवायची, करार पाळले जातात का हे बघायला कोर्ट ठेवायचं आणि देशाचं रक्षण करायचं. बाकी कशालाही सरकारने हात लावला तर तो माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला. अमेरिकेतल्या रॉबर्ट नोझिकने १९७४ च्या आपल्या पुस्तकात हा विचार सर्वांत टोकदारपणे मांडला. त्याच्या आधी १९४४ मध्ये फ्रेडरिक हायेकने सरकारी नियोजनाविरुद्ध इशारा दिला होता, पण तो नोझिकइतका टोकाला गेला नव्हता.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. १९५९ मध्ये राजाजी आणि मुंबईचे मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला, तो लायसन्स-परमिट राजविरुद्धच. आणि महाराष्ट्रात हा विचार शेताच्या बांधापर्यंत नेला तो शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले आणि शेतकरी संघटना उभी केली. पुढे १९९४ मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाचं नावही स्वतंत्र भारत पक्ष. त्यांचं म्हणणं साधं होतं: शेतकऱ्याला सरकारची भीक नको, सरकारने फक्त त्याच्या मालाच्या वाटेतून बाजूला व्हावं.

आपल्यातले कितीतरी जण त्याच शेतकऱ्यांची पोरं आहेत. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

जिथे हा विचार बरोबर आहे

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी माल तिकडे न्यायचा नाही. उद्देश शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून वाचवायचा होता. पण गिऱ्हाईक एकच असलं की भाव कोण ठरवणार आणि पैसे कधी देणार, हे सांगायला नको. शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध मोठा लढा दिला.

आता कापसाच्या जागी मजूर ठेवा. जुन्या कफालत पद्धतीत हेच होतं. माणसाची मेहनत विकत घेणारा एकच, त्याचा कफील. दुसरीकडे जास्त पगार असला तरी कफीलच्या एनओसीशिवाय जाता येत नव्हतं. देश सोडून घरी जायचं तरी एक्झिट परमिट लागायचं.

बरेच लोक म्हणतात, हा भांडवलशाहीचा, मोकळ्या बाजाराचा दोष. इथे स्वतंत्रतावादी आपल्याला अडवतो आणि बरोबर अडवतो. मोकळ्या बाजारात विकणारा गिऱ्हाईक बदलू शकतो. कफालत म्हणजे सरकारने कायद्याने एका खासगी माणसाच्या हातात दुसऱ्याच्या येण्याजाण्याचं लायसन्स देणं. हे परमिट राजच, फक्त परमिट साखर-सिमेंटचं नाही, माणसाचं.

परमिट आलं की त्याचा काळा बाजारही येतो. त्याचंच नाव 'आझाद व्हिसा'. कागदावर कफील एक, काम भलतीकडेच. व्हिसा घेताना पैसे द्यायचे, दरवर्षी इकामा नवा करताना पुन्हा द्यायचे, आणि कफीलने तक्रार केली की आपण फरारी. नाव आझाद, पण माणूस सर्वांत अडकलेला तोच. स्पॉन्सर होण्याचा हक्क सरकारने वाटला नसता तर तो विकायला कोणाकडे काही उरलंच नसतं. हे निदान स्वतंत्रतावाद्यांचं आहे आणि ते मला पटतं.

औषधही त्यांच्याच पद्धतीचं होतं. २०१८ च्या कायद्याने बहुतेक कामगारांचं एक्झिट परमिट गेलं, २०२० च्या सुरुवातीला घरकामगारांचंही. ऑगस्ट २०२० मध्ये नोकरी बदलायला लागणारी एनओसी रद्द झाली. आता दोन वर्षांपर्यंत काम झालं असेल तर १ महिन्याची आणि त्याहून जास्त झालं असेल तर २ महिन्यांची नोटीस देऊन माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकड्यांप्रमाणे पहिल्या दोन वर्षांत सुमारे साडेतीन लाख बदल्या मंजूर झाल्या. यासाठी सरकारने कोणाला एक रियालही वाटला नाही. फक्त वाटेतला एक कागद काढला.

तो कागद निघाल्यावर कोण अस्वस्थ झालं तेही बघा. २०२१ च्या सुरुवातीला शूरा कौन्सिलने नोकरी बदलण्यावर मर्यादा घालायच्या शिफारशी केल्या. एरवी धंद्याच्या स्वातंत्र्याबद्दल बोलणारे मालक आणि कंत्राटदार त्या वेळी कामगाराच्या स्वातंत्र्यासाठी पुढे आल्याचं मला दिसलं नाही. आजही नोटीस दिली की फरारीची तक्रार ठोकणारे आहेत.

आपल्या मायदेशाचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. ग्राहकासाठी म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याची वाट अडवली. माणसांच्या बाबतीत १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का, म्हणजे आखातात यायला सरकारची परवानगी. त्याच वर्गातल्या बाईला घरकामासाठी यायचं तर वयाची ३० वर्षं पूर्ण हवीत. हेतू संरक्षणाचा. पण जिच्या घरात चूल पेटवायची अडचण आहे ती ३० वर्षांची होईपर्यंत थांबत नाही. ती व्हिजिट व्हिसावर येते, आणि मग तिची नोंद ना इथे ना तिथे. बंदीने तिचं येणं थांबत नाही, फक्त तिला मदत मागायची सोय राहत नाही.

जिथे हा विचार कमी पडतो

आता दुसरी बाजू. स्वतंत्रतावादी म्हणतो, दरवाजा उघडा ठेवा, बाकी सगळं करार बघून घेईल. पण करार कोण, कधी आणि कुठल्या अवस्थेत करतो?

बीडच्या ऊसतोड मजुराचं उदाहरण घ्या. त्याला कोणी कायद्याने बांधलेलं नाही. तो मुकादमाकडून स्वतःच्या मर्जीने उचल घेतो, अंगठा देतो, आणि नवराबायकोचा 'कोयता' सहा महिने फडावर जातो. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. कागदावर हा सगळा व्यवहार राजीखुशीचा. प्रत्यक्षात पहिली सही झाली की दुसरी सही 'नाही' म्हणायची सोयच ठेवत नाही.

आपला प्रकार वेगळा नाही. भारतात भरती एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, असा नियम आहे. गावाकडे हा आकडा सांगितला तर लोक हसतात. जमीन गहाण टाकून, बायकोचे दागिने मोडून, व्याजाने पैसे काढून माणूस विमानात बसतो. दोह्यात उतरल्यावर त्याच्या हातात दुसराच कागद येतो, पगार कमी, काम वेगळं. सही कर नाहीतर परत जा. परत गेला तर कर्ज कोण फेडणार? तो सही करतो. "सही तूच केलीस ना?" हो, केली. पण त्या वेळी पेनाच्या दुसऱ्या टोकाला सावकार होता.

नोझिकने तर आपला तर्क शेवटपर्यंत नेला. मोकळ्या व्यवस्थेत माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकायचीही मुभा असेल, असं त्याने मान्य केलं. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १८५९ मध्ये, जॉन स्टुअर्ट मिलने नेमकं उलट सांगितलं होतं. स्वातंत्र्याच्या नावाखाली स्वातंत्र्यच विकून टाकायची मुभा देता येत नाही. आखातात राहिलेल्या माणसाला यातलं कोण बरोबर हे सांगायला पुस्तक लागत नाही.

आणि इथे शरद जोशीच उपयोगी पडतात. ते मोकळ्या बाजाराचे पुरस्कर्ते, पण कर्जाचा करार पवित्र म्हणून त्यांनी शेतकऱ्याला गप्प बसवलं नाही. भाव पाडणारं धोरण सरकारचं असेल तर त्यातून झालेलं कर्ज हे शेतकऱ्याचं पाप नाही, ते अनैतिक कर्ज आहे, असं म्हणून त्यांनी कर्जमुक्ती मागितली. म्हणजे करार कुठल्या परिस्थितीत झाला हे विचारायचा हक्क त्यांनी सोडला नाही. एजंटच्या कर्जाबद्दल आपणही तेच विचारायला हवं.

उन्हाशी वाटाघाट होत नाही

मी साइटवर काम करतो म्हणून दुसरा मुद्दा उन्हाचा घेतो. समजा सरकारने उन्हाबद्दल काहीच नियम केला नाही, सगळं करारावर सोडलं. शटरिंगचा कारपेंटर किंवा सळई बांधणारा फिटर वैयक्तिक वाटाघाट करून म्हणेल का, की जुलैमध्ये मी सकाळी दहानंतर स्लॅबवर चढणार नाही? म्हणाला तर त्याच्या जागी दुसरा तयार असतो.

बरं, एखादा कंत्राटदार खरंच चांगला आहे, त्याला माणसं जपायची आहेत. तोही अडकतो. टेंडर सर्वांत कमी भावाला जातं. प्रोग्रॅममध्ये काँक्रीटच्या तारखा ठरलेल्या, उशीर झाला की दिवसाला दंड. त्याने एकट्याने दुपारचं काम बंद ठेवलं तर त्याचा भाव वाढतो आणि काम दुसऱ्याला जातं, जो बंद ठेवत नाही त्याला. माणुसकी दाखवणारा तोट्यात, न दाखवणारा फायद्यात. यातून एकेकट्याचा करार वाट काढू शकत नाही. सगळ्यांना एकच नियम लागला तरच माणसं जपणारा टिकतो.

म्हणून २०२१ चा निर्णय महत्त्वाचा. आधी १५ जून ते ३१ ऑगस्ट, दुपारी साडेअकरा ते तीन एवढीच बंदी होती. आता १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन. शिवाय हवेतला दमटपणा आणि ऊन मिळून मोजलेलं वेट बल्ब ग्लोब तापमान ३२.१ अंशाच्या वर गेलं की दिवसाच्या कुठल्याही वेळी काम थांबवायचं. हे तापमान मोबाइलवर दिसतं त्यापेक्षा वेगळं असतं, ते साइटवर मोजावं लागतं. तुमच्या साइटवर मीटर आहे का, आकडा फळ्यावर लिहितात का, हे टूलबॉक्स टॉकमध्ये विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

हायेकलाही हे मान्य होतं, हे त्याचे भक्त सहसा सांगत नाहीत. कामाचे तास मर्यादित करणं, विषारी पदार्थांवर बंदी घालणं, हे सगळ्यांना सारखं लागू असेल तर स्पर्धेच्या आड येत नाही, असं त्याने १९४४ मध्येच लिहिलं होतं.

पगाराची तळपट्टी

किमान वेतनावर स्वतंत्रतावाद्यांचा आक्षेप आहे की त्याने नोकऱ्या जातात. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. भारत सरकार ईसीआर कामगारांसाठी देशनिहाय किमान पगार ठरवतं. पण आपल्या देशाने फक्त आपल्या माणसाला महाग केलं तर कंपनी शेजारच्या देशातून माणूस आणते. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्लीने याच भीतीने आखाताचे आकडे खाली आणले, कतारसाठी महिना २०० डॉलर. ओरड झाली, आणि जुलै २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

आता दुसरा आकडा बघा. कतारने स्वतः २० मार्च २०२१ पासून किमान मूळ पगार १००० रियाल लागू केला, आणि कंपनी सोय करत नसेल तर जेवणाचे ३०० आणि राहण्याचे ५०० वेगळे. १००० रियाल म्हणजे साधारण २७५ डॉलर. म्हणजे काही महिने आपल्या सरकारने आपल्या माणसाची लावलेली किंमत यजमान देशाने लावलेल्या किमतीपेक्षा कमी होती.

यातून शिकायचं ते हे. एकाच पासपोर्टला लावलेली तळपट्टी त्या पासपोर्टवाल्यालाच बाहेर ढकलू शकते. पण कामाच्या जागी सगळ्या पासपोर्टना सारखी लावलेली तळपट्टी कोणाला कोणाविरुद्ध वापरू देत नाही. नेपाळी, बांगलादेशी, केनियन, मराठी, सगळ्यांना १०००. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे या नियमाने सुमारे २ लाख ८० हजार लोकांचा मूळ पगार वाढला. १००० रियाल पुरेसे आहेत असं मी म्हणत नाही. तळपट्टी सर्वांना एक असणं ही सुरुवात आहे.

मालकही सत्ताच असतो

स्वतंत्रतावादाची सर्वांत मोठी उणीव मला ही वाटते, की त्याला सत्ता फक्त सरकारी ऑफिसात दिसते. ज्याच्या कॅम्पमध्ये आपण झोपतो, ज्याच्या बसने जातो, ज्याच्या मेसमध्ये जेवतो, ज्याच्या सहीने इकामा नवा होतो, त्याची सत्ता त्याला दिसत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हे नेमकं पकडलं. सरकार बाजूला झालं की जे मोकळं होतं ते जमीनदाराला खंड वाढवायला आणि मालकाला तास वाढवून मजुरी कापायला मोकळं होतं, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. कोकणात खोतीविरुद्ध १९३७ मध्ये विधेयक आणणारा माणूस हे लिहीत होता. ऐकीव गोष्ट नव्हती ती.

मग सरकार आणि मालक या दोन्ही सत्तांपुढे कामगाराकडे काय उरतं? संघटना. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती हजारोंना एकत्र आणून. १९३८ मध्ये संपावर बंधनं घालणारं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आलं तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचं दुसरं नाव आहे.

खरं तर प्रामाणिक स्वतंत्रतावाद्याने इथे आपल्या बाजूने उभं राहायला हवं. दोन माणसांनी स्वेच्छेने करार करणं पवित्र असेल, तर दोनशे माणसांनी स्वेच्छेने एकत्र येऊन "या पगारात आम्ही काम करणार नाही" म्हणणंही तेवढंच पवित्र. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यात संघटना काढायचा हक्क फक्त कतारी नागरिकांना आहे. आपल्यासाठी आहेत त्या कंपनीतल्या संयुक्त समित्या, २०१९ पासून निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या. ऑगस्ट २०२२ मध्ये थकलेल्या पगारासाठी दोह्यात रस्त्यावर आलेल्यांपैकी काहींना मायदेशी धाडण्यात आलं. बाजाराच्या स्वातंत्र्यावर लेख लिहिणाऱ्यांनी यावर किती लिहिलं ते शोधून बघा.

मग आपण काय धरायचं

या पानाची भूमिका सरळ आहे. माणसाच्या येण्याजाण्यात, नोकरी बदलण्यात, घरी परतण्यात ना कफीलची परवानगी हवी ना सरकारचा शिक्का. इथे स्वतंत्रतावाद्यांशी आपलं शंभर टक्के जमतं, आणि एनओसी मागच्या दाराने परत आणायचा कुठलाही प्रयत्न झाला तर विरोध करायला हवा. पण ऊन, सेफ्टी, पगाराची तळपट्टी, एजंटची लूट, थकलेला पगार, इथे एकटा माणूस करार करून जिंकू शकत नाही. तिथे सगळ्यांना सारखा कायदा हवा, आणि तो कायदा पाळला जातो का हे बघायला आपली माणसं हवीत.

कुठला नियम ठेवायचा आणि कुठला काढायचा हे ठरवताना एकच प्रश्न विचारा: या नियमामुळे कामगाराला 'नाही' म्हणणं सोपं होतं की अवघड? एनओसीने अवघड होत होतं, म्हणून ती गेली ते बरं झालं. किमान वेतनाने आणि उन्हाच्या नियमाने सोपं होतं, म्हणून ते टिकायला हवेत. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला करार म्हणू नका.

आणि तोपर्यंत एक काम आजच करा. तुमच्या कंपनीत संयुक्त समिती आहे का विचारा. असेल तर तिच्या निवडणुकीत उभे राहा, नाहीतर उभं राहणाऱ्याला मत द्या. नसेल आणि कंपनीत ३० किंवा जास्त कामगार असतील, तर मागणी लेखी करा, चार जणांच्या सह्यांनी. या वेळी सही आपल्या मर्जीची असेल.